डी स्मेट: आईने थांबवलेली गाडी

ब्रूकिंग्ज सोडून हायवे 14 ने पश्चिमेला निघालं की साउथ डकोटाचा माळ दोन्ही बाजूंना पसरत जातो. मका, सोयाबीन, मध्येच पाणथळ तळी. झाडांचा पुंजका दिसला की समजायचं, तिथे कुणाचं तरी घर आहे, किंवा होतं. तासाभराच्या आत डी स्मेट येतं. एका बेल्जियन जेझुइट धर्मोपदेशकाचं नाव मिळालेलं हे छोटं गाव. लोक मात्र येतात लॉरा इंगल्स वाइल्डरच्या 'लिटल हाउस' पुस्तकांतल्या घरांसाठी. ही घरं नीट पाहिली तर त्यांत लॉराइतकीच तिची आई, कॅरोलाइन, भेटते.

रेल्वेच्या मोजणीदारांचं घर आता गावात हलवलेलं आहे. 1879-80 चा हिवाळा इंगल्स कुटुंबाने त्यात काढला. कॅरोलाइन तेव्हा चाळिशीची. जन्म विस्कॉन्सिनचा. पाच वर्षांची असताना वडील मिशिगन सरोवरात बुडाले. पुढे ती शिक्षिका झाली, 1860 मध्ये चार्ल्स इंगल्सशी लग्न झालं, आणि मग विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा असं बिऱ्हाड हलतच राहिलं. डी स्मेटला येण्याच्या थोडं आधी थोरल्या मेरीची दृष्टी गेली होती.

पुढचा, 1880-81 चा हिवाळा इकडे आजही 'हार्ड विंटर' म्हणूनच ओळखला जातो. पहिलं हिमवादळ ऑक्टोबरातच आलं. जानेवारीत आगगाड्या थांबल्या, त्या मेपर्यंत आल्या नाहीत. पीठ संपलं, कोळसा संपला. उरला होता गहू. तो कॉफी दळायच्या लहानशा यंत्रात घालायचा आणि घरातल्यांनी आळीपाळीने दांडा फिरवत बसायचं. दिवसभर दळावं तेव्हा एका भाकरीपुरतं पीठ हाती येई. शेगडीत वाळलं गवत. सुटं टाकलं तर भुर्रकन जळून जाई, म्हणून पीळ देऊन त्याच्या घट्ट कांड्या करायच्या. गवताच्या पात्यांनी हात कापत. पहाटे जात्यावर बसणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा हिवाळा समजावून सांगायला नको.

लॉराने हे सगळं लिहिलं, आणि काही गोष्टी कादंबऱ्यांतून गाळल्या. त्या हिवाळ्यात याच कुटुंबासोबत एक तरुण जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ राहत होतं. 'द लाँग विंटर'मध्ये ते नाहीत. कॅरोलाइनचा मुलगा फ्रेडी 1876 मध्ये नऊ महिन्यांचा होऊन गेला, तोही कादंबऱ्यांत नाही. दोन्ही गोष्टी लॉराच्या 'पायोनियर गर्ल' या आत्मकथनात आहेत. 1930 च्या सुमाराचं ते लेखन प्रकाशकांनी नाकारलं आणि ते छापून आलं थेट 2014 मध्ये. आईला समजून घ्यायचं तर कादंबऱ्यांच्या आधी तेच वाचावं.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. कॅन्ससमधलं त्यांचं घर ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर, हक्क नसताना उभं राहिलं होतं. पुस्तकांतल्या आईला तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल भीती आहे, तिटकाराही आहे. अशा चित्रणामुळेच अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने 2018 मध्ये लॉराचं नाव आपल्या पुरस्कारावरून काढलं. कॅरोलाइनचं धैर्य खरं आणि या जमिनीवरून हटवलेली माणसंही खरी. डकोटातही तेच घडलं होतं.

गावाच्या आग्नेयेला चार्ल्सने सरकारकडून घेतलेली 160 एकर जमीन आहे. त्याने लावलेल्या कॉटनवुडच्या झाडांतली काही अजून उभी आहेत. त्याला आणखी पश्चिमेला जायचं होतं. कॅरोलाइन मात्र अडून बसली: मुलींच्या शाळा आता सुटता कामा नयेत. गाडी इथेच थांबली. मेरी आयोवातल्या अंधशाळेत शिकून आली. थर्ड स्ट्रीटवर चार्ल्सने 1887 मध्ये बांधलेल्या घरात कॅरोलाइन शेवटपर्यंत राहिली, मेरीसोबत.

लॉरा 1894 मध्ये मिसूरीला गेली. 1902 मध्ये वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ती इथे आली, तीच आईशी शेवटची भेट. कॅरोलाइन 1924 च्या एप्रिलमध्ये गेली. पुढच्याच वर्षी लॉराने मार्था मावशीला पत्र लिहून दोघी बहिणींच्या लहानपणच्या आठवणी लिहून पाठवायला सांगितलं. लॉराचं पहिलं पुस्तक 1932 मध्ये आलं, तेव्हा ती 65 वर्षांची होती.