मृत्युपत्र आणि माहेर

साठी उलटलेल्या माणसानें मृत्युपत्राचा विषय काढला, कीं घरांतील मंडळी ‘भलतेंच काय बोलतां?’ म्हणून त्यास गप्प करतात. त्यांत प्रेम असतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हें मौन किती महाग पडतें, तें पुणेंकरांस तरी ठाऊक असावें.

टिळकचरित्रांतील ताईमहाराज प्रकरण घ्या. सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज १८९७ च्या ऑगस्टांत पटकीनें वारले. मृत्युपत्र झालें तें अंतकाळीं. त्यांत लोकमान्यांसारखे विश्वस्त नेमले होते. पत्नी गरोदर होती. पुत्र झाला, पण फार जगला नाहीं. पुढें १९०१ सालीं औरंगाबादेस जगन्नाथाचें दत्तविधान झालें आणि त्याच वर्षीं ताईमहाराजांनीं कोल्हापुरांत दुसरा मुलगा दत्तक घेतला. मग खटले सुरू झाले. टिळकांस खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. १९०४ मध्यें हायकोर्टानें त्यांस निर्दोष सोडलें. दत्तकाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलाकडून १९१५ मध्यें लागला. तो ऐकावयास ताईमहाराज हयात नव्हत्या. विश्वस्त थोर होते, वकील नामांकित होते. परंतु ज्या स्त्रीच्या मांडीवर दत्तक बसावयाचा, तिच्याशीं सविस्तर बोलण्यास अंतकाळीं सवड ती कोठली?

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. वडिलार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच, हें विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचें तत्त्व. २००५ च्या दुरुस्तीनें तोच हक्क कन्येस मिळाला. आणि त्याकरितां त्या सालीं पिता हयात असण्याची गरज नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें सांगितलें. लग्नांत केलेला खर्च हाच तिचा वांटा, हें कायद्यांत कोठेंच नाहीं.

आमच्या कन्येनें भावांसमोर ‘अण्णा, मला कांहीं नको’ असें सांगितलें. आम्हीं तें प्रमाण मानलें नाहीं. एकटीस विचारतां ती हळूच म्हणाली, ‘माहेर तुटूं नये, म्हणून तसें म्हणालें.’ किती हक्कसोडपत्रांच्या मुळाशीं हेंच भय असेल! आम्हीं तिचा वांटा लिहिला आणि मसुदा सर्वांसमोर वाचला. धाकटे चिरंजीव दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनींच बहिणीस फोन केला.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतें, मुद्रांक लागत नाहीं. कर्त्यासमोर दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नोंदणी सक्तीची नाहीं, तरी करणें हिताचें. लिहून देतां येतें तें आपली स्वकष्टार्जित मिळकत आणि एकत्र मिळकतींतील आपला वांटा, एवढेंच. वांटणीचा दावा दिवाणी न्यायालयांत चालतो. कौटुंबिक न्यायालय घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यांसाठीं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांस, उत्पन्न कितीही असो, वकिलाचें साह्य विनामूल्य मिळूं शकतें. लोकअदालतींत झालेल्या तडजोडीस हुकूमनाम्याचें बळ असतें आणि तिच्यावर अपील नाहीं.

वकिलाकडे अवश्य जावें. पण तत्पूर्वीं सर्वांस एकत्र बसवावें, आणि जी मुलगी ‘मला कांहीं नको’ म्हणेल, तिला पुन्हां एकदां एकटीस विचारावें.