अहो, ऐकलंत का?

आमच्या आईने अण्णांना नावाने कधी हाक मारली नाही. ‘अहो, ऐकलंत का?’ हेच त्यांचे घरातले नाव. १९६३ साली अण्णा वऱ्हाडातून भिलाईस नोकरीसाठी आले. तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटून तेव्हा चारच वर्षे झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी बोरसीत घर बांधले. वऱ्हाड मागे राहिले, पण संध्याकाळच्या रेडिओभोवती आमचे मराठी घर रोज नव्याने जमत असे. रेडिओ एक आणि ऐकणारे पाच. हसू मात्र सर्वांना एकाच क्षणी येई.

पुढे अण्णांचे कान मंदावले. दूरदर्शन संचाचा आवाज ते वाढवीत, आणि नातीचा अभ्यास चालला आहे हे ध्यानात येताच ओशाळून कमी करीत. शेवटी ते समोर बसेनासेच झाले. ‘मला आता ऐकायचं काही उरलं नाही,’ म्हणाले. आईनेही आपली जुनी हाक सोडली. ती आता त्यांच्या खांद्याला नुसता स्पर्श करी. त्या हाकेत एवढा निष्ठुर अर्थ दडलेला असेल, असे तिला कधी वाटले नसेल.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी नवी श्रवणयंत्रे आणली, आणि काड्यापेटीएवढी एक डबी संचाला जोडली. हे काय, म्हणून त्यांनी विचारले. मी कागदावर लिहून सांगू लागलो. ब्लूटूथची जुनी रीत अशी, की यंत्राने एका श्रोत्याशी जोडी जमवायची आणि प्रत्येक तुकडा पोचल्याची पावती त्याच्याकडून घ्यायची. २०२२ साली ‘ऑराकास्ट’ हे नाव मिळालेल्या नव्या पद्धतीत पावती नाही. डबी बिनतारी लहरींवर आवाज सोडून देते. टप्प्यातल्या कितीही कानांनी तो घ्यावा. ऐकणारा कोण, किती, हे तिला ठाऊक नसते. एखादा तुकडा हुकेल म्हणून कोणी न मागताच ती तो पुन्हा पुन्हा पाठवते. सांकेतिक शब्द लावला नाही, तर शेजाऱ्यालाही फुकट लाभ.

अण्णांनी कागद वाचला आणि म्हणाले, ‘म्हणजे हरदासच की! कोण आलं हे तो विचारीत नाही, आणि उशिरा येणाऱ्यासाठी पालुपद पुन्हा म्हणतो.’

मला मात्र त्यातली आणखी एक गोष्ट अधिक मोलाची वाटली. लहर आली म्हणून कोणत्याही कानाने घाई करायची नाही. ठरलेला अल्प अवकाश थांबून सर्वांनी एकाच क्षणी तिचा नाद करायचा. धाकट्याने थोरल्यासाठी थांबावे, ही रीत यंत्रालाही शिकवावी लागली!

त्या रात्री एक जुने विनोदी नाटक लावले. खोली निःशब्द होती. पलीकडे नात वाचीत बसली होती. अण्णांच्या, आईच्या आणि माझ्या कानांत तेवढा रंगमंच. पहिल्या कोटीला आई हसली आणि त्याच क्षणी अण्णाही हसले. तिच्या चेहऱ्याकडे पाहून नव्हे, आपल्याच कानांनी. आईने चमकून त्यांच्याकडे पाहिले.

नाटक संपले. आई स्वयंपाकघरात गेली. दूध तापवता तापवता, किती वर्षांनी कोण जाणे, तिच्या तोंडून सवयीने निघून गेले, ‘अहो, ऐकलंत का?’

आत क्षणभर भांड्याचाही आवाज थांबला.

‘ऐकलं हो,’ अण्णा म्हणाले.