पाणी कितव्या पायरीला?

जगात माणसं भेटली, की 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारतात. कोल्हापुरात वर्षाचे दहा महिने 'जेवलाईस काय?' असं विचारतात आणि उरलेले दोन महिने 'पाणी कितीवर आलंय?' असं. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर पडली, की राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचे आकडे गावभर फिरू लागतात. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

पण हे फुटाचं गणित वरच्या अंगाच्या लोकांचं. आम्ही गंगावेशीच्या खालच्या अंगाचे, पंचगंगा तालमीकडून घाटाकडं उतार लागतो त्या बाजूचे. आमच्यात फूट चालत नाही, पायरी चालते. आमच्या घराला रस्त्यावरून सोप्यात चढायला सहा दगडी पायऱ्या होत्या, आणि पाणी कितव्या पायरीला लागलं की काय उचलायचं हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं होतं. पहिलीला चपला. दुसरीला कोंबड्या. तिसरीला धान्याची पोती. चौथीला अंथरुणं. पाचवीला म्हातारी माणसं. आणि सहावीला देव. देव सर्वांत शेवटी का, असं मी लहानपणी काकीला विचारलं होतं. ती म्हणाली, "त्यास्नी सवय हाय."

आमचा एक मेव्हणा माझगावचा. माझगावचा माणूस गोदीशिवाय बोलत नाही. तिथं लढाऊ जहाजं बांधतात, भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळी उतरते, लहानपणी रात्री जहाजाचा भोंगा ऐकल्याशिवाय आपल्याला झोप येत नसे, वगैरे. एकदा त्यानं विचारलं, "तुमच्या कोल्हापुरात आहे काय असलं?" मी म्हटलं, "आमची गल्लीही बंदरच आहे." तो इतका हसला, की तांबडा रस्सा त्याच्या नाकात गेला. मग मात्र मी हट्टाला पेटलो आणि त्याला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये नेऊन पोसायडनसमोर उभं केलं.

हा पोसायडन म्हणजे समुद्राचा देव. ग्रीकांचा, मग रोमनांचा. त्याची ही चिमुकली ब्राँझची मूर्ती १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना सापडली, आणि ब्रह्मपुरी म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, तेव्हा कोकणातल्या कुठल्याशा बंदरात उतरून, घाट चढून तो आला असणार. मेव्हणा बराच वेळ मूर्तीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चुकून आला असेल." मी म्हटलं, "चुकून कोण येतो एवढा घाट चढून? त्याला कुणीतरी आमची ऑगस्टमधली गल्ली सांगितली असणार."

तेव्हापासून आमच्या कट्ट्याचं नाव 'बंदर कट्टा' पडलं.

हा कट्टा रविवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर भरतो. सभासदत्वाची अट एकच, जन्म किंवा निदान बालपण खालच्या अंगाला गेलेलं पाहिजे. आता बहुतेक जण उंचावर राहायला गेले आहेत. एक मास्तर रुईकर कॉलनीत, एक टेलर पाचगावच्या बाजूला, एक बँकवाले पुण्यात (ते महिन्यातून एकदा येतात आणि इथला चहा महाग झाला असं सांगतात) आणि मी राजारामपुरीत. राजारामपुरीत गल्ल्यांना आकडे आहेत. पहिली, दुसरी, तिसरी. आमच्याकडं पायऱ्यांना आकडे होते, गल्लीला नाव होतं. असो.

कट्ट्याचा व्यवहार फार जुन्या पद्धतीचा, म्हणजे वस्तुविनिमयाचा. जे सोडून गेले ते आठवणी आणतात आणि जे राहिले ते बातम्या आणतात. आठवणीला चक्रवाढ व्याज असतं. शिवाजी पुलावरून भर पुरात उडी मारल्याची आठवण आमच्यातल्या प्रत्येकाकडं आहे. मारलेल्या सगळ्या उड्यांची बेरीज केली, तर त्या काळी पुलावर रेशनच्या दुकानासारखी रांग लागत असली पाहिजे. मास्तरांची उडी तर मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे. सुरुवातीला ते घाटाच्या कठड्यावरून उडी मारायचे. मग पुलाच्या कमानीवरून, मग पुलावरून. आणखी पाच-दहा वर्षं त्यांना आयुष्य मिळालं, तर ते जोतिबाच्या डोंगरावरून मारतील.

बातमीचं तसं नसतं. बातमी सुकी, मोजकी आणि खरी. आमच्यात बातम्या आणणारे दोघंच उरले होते. एक गवळी. तो घाटावर म्हशी धुवायला आणायचा. म्हणजे तो मोटारसायकलवर पुढं आणि सायलेन्सरचा आवाज ओळखून म्हशी मागं धावत. तो गाडी उभी करायचा आणि बोलू लागायचा. "कोपऱ्यावरचा खांब वाकलाय. तालमीच्या पोरानं कुस्ती मारली. वरच्या आळीच्या म्हातारीला दवाखान्यात न्हेलंय. म्हस व्यालीय, रेडी हाय." संपलं. आम्ही एवढ्याशा बातम्यांवर तासभर रवंथ करत असू.

दुसरी बातमीदार माझी काकी. ती कट्ट्यावर येत नसे. कट्टाच उठून तिच्या पायऱ्यांवर चहाला जाई. काका गेल्यावर ती त्या घरात एकटी राहिली. माझ्याकडं ये म्हटलं, की म्हणायची, "मी काय करतो तिकडं?" आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याच्या सुनांना आधी ते कळत नाही, आणि मग त्याही 'मी येतो' म्हणायला लागतात.

२०१९च्या ऑगस्टात पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. हमरस्ता शिरोलीपाशी बंद. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं शहराचे नळ कोरडे. म्हणजे खाली काकीच्या घरात तुळईपर्यंत पाणी, आणि वर मी कळशी घेऊन टँकरच्या रांगेत. काकी माडीवर बसलेली. एनडीआरएफचे जवान रबरी बोट घेऊन माडीच्या खिडकीशी आले, तेव्हा तिनं त्यांना आधी लोणच्याची बरणी दिली, मग देव दिले, आणि मग आपल्या खास हिंदीत म्हणाली, "मैं आता है, लेकिन बरनी सीधा पकडो." त्या जवानानं आपल्या नोकरीत बरेच पूर पाहिले असतील, पण पुरुषासारखं बोलणारी म्हातारी पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यानं तिला सॅल्यूट केला. गंगावेशीत उतरल्यावर काकी मला पहिलं वाक्य काय बोलली? "पायऱ्या मोजायच्या राहिल्या."

२०२१च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं. या खेपेला काकी दोन दिवस आधीच बरणी घेऊन माझ्याकडं आली होती. पाणी उतरल्यावर परत गेली. चिखल काढायला आम्ही सगळा कट्टा गेलो. मास्तर फावडं घेऊन अर्धा तास पुलावरच्या उडीबद्दल बोलले. आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीत काकी एकदम म्हणाली, "इकूया."

मी गप्पच झालो. तिला समजवायला जी वाक्यं मी दहा वर्षं तयार ठेवली होती, ती सगळी फुकट गेली. उलट मलाच आता 'कशाला विकायचं?' असं वाटायला लागलं. मी विचारलं, "भीती वाटते का पाण्याची?"

"पाण्याला काय भ्यायचं? पाणी येतंय, जातंय. चिखूल ऱ्हातोय. चिखूल काढाय आता कंबर न्हाई."

घर उतरवायच्या आदल्या दिवशी बंदर कट्टा तिथंच भरला. सोप्यात मधला सागवानी खांब होता. त्यावर प्रत्येक मोठ्या पुराची खूण काका पटाशीनं करून ठेवत; त्यांच्यामागं काकी खिळ्यानं करायची. २००५ची खूण मांडीशी होती. २०१९ची तुळईच्या खाली चार बोटं. २०२१चं पाणी खांबाला मावलंच नाही, म्हणून काकीनं ती खूण तुळईवर केली होती. या खांबाचा वारस कोण, यावर चर्चा सुरू झाली. पुण्याचे बँकवाले तो न्यायला तयार होते. पुण्यात असली वस्तू दिवाणखान्यात ठेवतात म्हणे. मी म्हटलं, खांबावर पहिला हक्क माझा, कारण मी त्यावरच्या एका पुरात बुडता बुडता वाचलो आहे.

हे खरं होतं. मी पहिलीत असताना घरात गळ्याएवढं पाणी आलं होतं. ही गोष्ट मी कट्ट्यावर किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. लग्न ठरताना आमच्या हिलाही सांगितली होती. मुलांना पोहायला घालताना सांगितली, ऑफिसच्या निरोप समारंभातही सांगितली. पाणी गळ्याशी, वर अंधार, आणि मी एकटा खांबाला मिठी मारून उभा!

मास्तर म्हणाले, "दाखव की खूण."

काकी उठली आणि खांबाच्या खालच्या अंगाला बोट लावलं. "ही तुझ्या पहिलीतली."

खूण माझ्या गुडघ्याला होती.

कट्टा शांत झाला. मी खाली वाकून बघितलं, खाजवून बघितलं. मी सहा वर्षांचा होतो हे धरूनसुद्धा हिशेब कमरेच्या वर सरकेना. टेलरनी तर खिशातून टेप काढली. त्यांच्या खिशात ती कायम असते. मी म्हटलं, "काकी, पाणी गळ्याला लागलं होतं. मला आठवतंय."

"लागलं हुतं की," काकी म्हणाली. "तू हुबा कुठं हुतास? बसला हुतास. पाण्यात फतकल मारून बसलास आन् उठंनास. 'मला बोट बनवून द्या, मग उठतो' म्हणत हुतास."

मास्तर इतके हसले, की त्यांना पायरीवर बसवून पाणी द्यावं लागलं. मी म्हटलं, "हसा. पण आता पुलावर जाऊ आणि तुमचीही खूण बघू." ते हसायचे थांबले.

खांब शेवटी मलाच मिळाला, बहुधा सांत्वन म्हणून. आता तो माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा आहे. येणारा-जाणारा विचारतो, इथपर्यंत पूर आला होता? आम्ही हो म्हणतो. लहान नातवाची उंची त्यालाच लावून बघतो. परवा तो २००५ला पोचला. २०१९ मात्र त्याला या जन्मात गाठता येणार नाही.

आणि काकी माझ्याकडं आली. घर उतरवलं, पण नवी इमारत काही उठली नाही. पूररेषेत बांधायचं म्हणजे नियम आले, नकाशे आले. एक निळी रेषा असते, एक तांबडी. कोल्हापूरकराला आजवर तांबडा आणि पांढरा एवढेच रंग माहीत होते. आता हा तिसरा वाढला. जागेवर पत्रे मारले आणि कागद फिरू लागले. पत्र्यांच्या बाहेर सहा पायऱ्या मात्र तशाच राहिल्या. त्या काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

२०२४च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. घाट बुडाला, म्हणून आमचा कट्टा गंगावेशीत एका चहाच्या टपरीखाली भरला. मास्तर होते, टेलर होते, पुण्याचे बँकवालेही खास पूर बघायला आले होते. गवळी म्हशी घेऊन उपनगरात भावाकडं गेला होता. चहा झाला. आठवणी झाल्या. मग कुणालाच काही बोलायचं सुचेना. सगळ्यांच्या आठवणी होत्या आणि बातमी कुणाकडंच नव्हती. जो तो मोबाईल काढून बंधाऱ्याची पातळी बघत होता, आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पातळी एकच होती. त्यामुळं त्यावर भांडताही येईना.

तेवढ्यात काकीचा फोन आला. "पाणी किती?"

मी म्हटलं, "चव्वेचाळीस फुटांच्या पुढं गेलंय."

"फूट काय सांगतोस? पायरी सांग."

"काकी, तिथं आता घर..."

"पायऱ्या हाईत न्हवं?"

मी छत्री उघडली. चपला टपरीवाल्याकडं ठेवल्या आणि विजार दुमडून उताराला लागलो. मागून मास्तर ओरडले, "गळ्याला लागलं तर हाक मार रं!" पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. गढूळ, थंड, जुन्या ओळखीचं. पत्र्यांवर पाऊस ताशा वाजवत होता. मी वाकून मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि फोन लावला.

"तिसरी. लागलंय नुकतंच."

पलीकडं क्षणभर काही आवाज आला नाही. मग काकी म्हणाली, "समोरची माणसं हाईत का अजून घरात?"

समोरच्या दारात एक सून उभी राहून पाण्याकडंच बघत होती. मी म्हटलं, "आहेत."

"मग त्यास्नी सांग, पोती वर घ्या म्हणावं."