ओळीतले पाच जण

कीर्ती ही मोठी चोखंदळ देवता आहे असे म्हणतात. आमच्या मते ती चोखंदळ नसून आळशी आहे. जे डोळ्यांसमोर आपण होऊन येते त्याच्याच गळ्यात ती माळ घालते. जे पाहण्यासाठी मान वळवावी लागते, ते तिच्या दृष्टीस पडतच नाही. मैफलीत गवयाच्या तानेला दाद मिळते, पण चार घटका तानपुरा सुरात ठेवणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. जत्रेत रथ निघाला की सर्वांच्या नजरा कळसाकडे आणि उत्सवमूर्तीकडे लागतात. चाकाखाली लाकडी ठोकळा नेमक्या क्षणी सरकवून तो डोलारा वळणावरून सुखरूप नेणाऱ्या माणसाचे हात धुळीत असतात आणि त्याचे नाव गर्दीत. या गोष्टीचे अगदी उघड आणि आकड्यांनिशी दाखवता येण्याजोगे उदाहरण आम्हांस आढळले ते मात्र देवळात वा मैफलीत नव्हे, तर अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या मैदानावर.

फुटबॉल म्हटले की गोमंतकीय वाचकास पायाने खेळायचा चेंडू आठवणार. अमेरिकेचा हा खेळ निराळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातांत घेऊन धावायचे किंवा पुढे फेकून आपल्याच गड्याकडून झेलवायचा. प्रत्येक बाजूस ११ गडी. मैदान १०० यार्डांचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. एवढे कळले की खेळ समजू लागतो, असे प्रेक्षकास वाटते.

चढाई करणाऱ्या पक्षाच्या अग्रभागी पाच धिप्पाड तरुण एका रांगेत ओणवे झालेले असतात. या रांगेस ते ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ म्हणतात. आपण नुसते ‘ओळ’ म्हणू. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांस एकेक गार्ड आणि त्यांच्या बाहेर एकेक टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि प्रयत्नास आरंभ होतो. चेंडूशी या पाचांचा संबंध बहुधा तेवढाच. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना नियमानेच सामान्यतः मनाई आहे. त्यांनी करायचे ते एकच: समोरून चाल करून येणाऱ्यांना अडवायचे आणि आपल्या गड्याला वाट करून द्यायची.

या ओळीकडे पाहण्याची दृष्टी आम्हांस दिली ती आमच्या नातवाने. मुलीकडे मिशिगन राज्यात आमचे काही महिने वास्तव्य होते, तेव्हा तो शाळेच्या संघात गार्ड म्हणून खेळत असे. अंगापिंडाने तो आमच्या घराण्यातील कोणावर गेला, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला एकदा विचारले, “अरे, तुझ्या हातात चेंडू येतो तरी कधी?” तो हसून म्हणाला, “येतच नाही, आजी.” “मग तुझे नाव तरी पुकारतात का रे?” “पुकारतात ना, चूक केली की!” नंतर दूरदर्शनसंचासमोर बसताना तो आम्हांस म्हणाला, “आजोबा, चेंडू सुटला की त्याच्याकडे पाहू नका. पहिले दोन सेकंद फक्त त्या पाच जणांकडे पाहा.”

ते दोन सेकंद विलक्षण असतात. दुरून पाहणाऱ्यास तेथे नुसती रेटारेटी दिसते. वस्तुतः प्रत्येकाला ठरलेले पाऊल ठरलेल्या दिशेने टाकायचे असते. कधी शेजारच्या दोघांनी मिळून एकाला मागे रेटायचे आणि तो हलला की त्यांतील एकाने सुटून त्यामागच्या रक्षकाला गाठायचे. कधी गार्डने आपली जागा सोडून ओळीच्या पाठीमागून धावत दुसऱ्या टोकाला दार उघडायचे. कधी पाचांनीही एकाच बाजूस सरकत आपापल्या वाट्यास येईल त्याला थोपवायचे आणि वाट कोठे पडली हे हेरणे चेंडू घेऊन धावणाऱ्यावर सोपवायचे. चेंडू फेकायचा असेल तर उलट, मागे सरत सरत भिंत उभी ठेवायची. क्वार्टरबॅकला त्यामुळे जेमतेम अडीच-तीन सेकंद लाभतात. तेवढ्यात त्याने मैदान पाहायचे, निवड करायची आणि फेकायचे. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, म्हणून डाव्या टॅकलवर भिस्त मोठी. प्रतिपक्षाच्या मैदानावर लाखभर लोक ओरडू लागले की क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही. मग शेजारच्या गार्डचा स्पर्श ही सेंटरची खूण ठरते, आणि इतरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून चेंडूची हालचाल टिपायची. कोणी क्षणभर आधी हलला तर पाच यार्डांचा दंड. कोणी प्रतिस्पर्ध्यास अवैधपणे धरून ठेवले तर दहा यार्डांचा. पाचांपैकी चौघांनी काम चोख केले आणि एकाचे पाऊल चुकले, तर चौघांचे श्रम वाया जातात. ‘पाचांमुखी परमेश्वर’ ही आपल्याकडील म्हण येथे शब्दशः खरी ठरते. मात्र पाचही मुखे एकाच वेळी उघडली पाहिजेत.

अशा ओळीवर संपूर्ण संघ कसा तरतो, याचा दाखला नेब्रास्का विद्यापीठाच्या १९९४ च्या संघाने घालून दिला. टॉम ऑस्बोर्न हे तेथील मुख्य प्रशिक्षक. ओळीचे शिक्षण मिल्ट टेनोपीर यांच्याकडे होते, आणि त्यांच्या तालमीत तयार झालेल्या ओळीला लोक कौतुकाने ‘पाइपलाइन’ म्हणत. त्या वर्षी हंगामाच्या प्रारंभीच टॉमी फ्रेझर या नामांकित क्वार्टरबॅकच्या पायात रक्ताची गुठळी झाली. त्याच्या जागी आलेला ब्रूक बेरिंजरही फुप्फुसाच्या दुखण्याने जायबंदी झाला, आणि कॅन्सस स्टेटविरुद्ध मॅट टर्मन या तिसऱ्याच तरुणास प्रारंभी उतरवावे लागले. सेनापती बदलत गेले, ओळ तीच राहिली. नेब्रास्काने तो सामना १७–६ असा जिंकला. पुढे १ जानेवारी १९९५ रोजी ऑरेंज बाउल सामन्यात, मायामीच्याच मैदानावर, मायामीविरुद्ध ते १७–९ असे मागे पडले होते. चौथ्या सत्रात मायामीच्या बलाढ्य फळीची दमछाक झाली. नेब्रास्काच्या ओळीची झाली नाही. वजने उचलण्याच्या ज्या शास्त्रशुद्ध व्यायामाचा पाया बॉइड एप्ली यांनी तेथे १९६९ पासून घातला होता, त्याचे फळ अशा वेळी दिसे. कोरी श्लेसिंजर हा त्या वाटेने मधोमध दोनदा धावत गेला, दोन टचडाउन झाले, आणि २४–१७ अशा विजयाने राष्ट्रीय अजिंक्यपद नेब्रास्काकडे आले. धावणाऱ्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु दार उघडे असल्यावाचून उंबरठा कोण ओलांडणार?

दुसरा प्रसंग आम्ही दूरदर्शनवर पाहिला. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी ॲन आर्बर येथे मिशिगन आणि ओहायो स्टेट या हाडवैऱ्यांची गाठ पडली होती. दोन आठवड्यांपूर्वी पेन स्टेटविरुद्धच्या सामन्याच्या उत्तरार्धात मिशिगनने अधिकृत नोंदीत एकही पास फेकला नव्हता. चेंडू घेऊन धावायचे आणि ओळीवर विश्वास टाकायचा, एवढ्यावर तो सामना २४–१५ असा जिंकला होता. ओहायो स्टेटविरुद्ध तिसऱ्या सत्रात १७–१७ अशी बरोबरी असताना संघाच्या कप्तानांपैकी एक, ६५ क्रमांकाचा गार्ड झॅक झिंटर, पाय मोडून खाली पडला. त्याला गाडीवरून बाहेर नेण्यात आले. एवढे मोठे क्रीडागार, पण क्षणभर तेथे मंदिरातील गाभाऱ्याची शांतता पसरली. कार्सन बार्नहार्ट टॅकलच्या जागेवरून गार्डच्या जागी सरकला, टॅकल म्हणून ट्रेंट जोन्स आला, आणि लगेचच्याच प्रयत्नात ब्लेक कोरम २२ यार्ड धावून टचडाउन करून आला. त्याने बोटांनी सहा आणि पाच हे आकडे करून दाखविले. ज्याच्या हाती चेंडू होता, त्याने त्या क्षणी नाव घेतले ते चेंडू न धरणाऱ्याचे. आमचा नातू त्या वेळी काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. मिशिगनने तो सामना ३०–२४ असा जिंकला, आणि ८ जानेवारी २०२४ रोजी वॉशिंग्टनला ३४–१३ असे हरवून अजिंक्यपद मिळविले. त्या अंतिम सामन्यात मिशिगनने धावून ३०३ यार्ड कमावले.

यावरून ओळ म्हणजे केवळ मांसाचा ढीग, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. मोठ्या विद्यापीठांतील या तरुणांचे वजन सव्वाशे-दीडशे किलो असते हे खरे. परंतु लष्करी शिक्षण देणाऱ्या आर्मीच्या संघाला एवढ्या वजनाची मुले ठेवणे परवडत नाही, कारण पदवी घेऊन त्यांना सैन्यात अधिकारी व्हायचे असते. तरीही २०२४ साली धावून मिळविलेल्या यार्डांत आर्मीचा संघ देशात अग्रेसर होता. त्याने १२ सामने जिंकले आणि आपल्या इतिहासातील पहिले परिषद-अजिंक्यपद मिळविले. तेथे वजनाची उणीव वेगाने, कोनाने आणि एकदिलाने भरून काढली. उलट, नुसती उत्तम ओळ असली म्हणजे विजय हमखास, असेही नाही. ज्या वॉशिंग्टनला मिशिगनने हरविले, त्याच्या ओळीला त्याच वर्षी देशातील सर्वोत्तम म्हणून गौरविण्यात आले होते. आपल्या ओळीहून समोरची फळी त्या दिवशी सरस ठरली, तर काय इलाज!

आता कीर्तीचा हिशेब पाहू. या खेळातील सर्वोच्च मानाचा हाइसमन पुरस्कार १९३५ पासून दिला जातो. ओळीतील या पाच जागांवर खेळणाऱ्या एकालाही तो आजवर मिळालेला नाही. १९७३ मध्ये ओहायो स्टेटचा टॅकल जॉन हिक्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, तेवढेच. धावणाऱ्याचे यार्ड मोजतात, फेकणाऱ्याचे पास मोजतात. अडविणाऱ्याचे काय मोजणार? प्रतिस्पर्ध्याला उताणा पाडला की त्या पराक्रमास ते ‘पॅनकेक’ म्हणतात, आपण घावन म्हणू. पण तव्यावर पडलेल्या घावनांची मोजदाद अधिकृत नोंदीत नसते. मधल्या फळीतील खेळाडूंसाठी १९४६ पासून आउटलँड पुरस्कार आहे. आणि २०१५ पासून जो मूर या ओळीच्या थोर प्रशिक्षकाच्या नावाने एक पुरस्कार सुरू झाला, तो कोणा एकाला न देता संपूर्ण ओळीला देतात. ही कल्पना आम्हांस फार आवडली. २०२१ मध्ये टेक्सासमधील ‘हॉर्न्स विथ हार्ट’ या संस्थेने टेक्सास विद्यापीठाच्या ओळीतील शिष्यवृत्तिधारक प्रत्येक खेळाडूस वर्षाला ५०,००० डॉलर देण्याची योजना जाहीर केली. तिचे नाव ‘पॅनकेक फॅक्टरी’!

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हे तर फलाची आशा न धरता केलेले कर्म झाले. या तरुणांना मानाची काय गरज? हा प्रश्न आम्हांस बोचतो. कारण या मानाच्या मागे शरीराची किंमत उभी आहे. प्रत्येक प्रयत्नात डोक्याला बसणाऱ्या लहान लहान धडका एकेकट्या दिसत नाहीत. त्यांचा संचय होतो. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी अशा खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास करून दाखविले, की खेळलेल्या वर्षांबरोबर मेंदूच्या ऱ्हासाचा धोकाही वाढत जातो. मुद्दाम वाढविलेले वजन खेळ सुटल्यावर हृदयाला आणि गुडघ्यांना छळते. विद्यापीठांनी या खेळावर अमाप पैसा मिळविला. खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली ती २०२५ च्या जुलैत. आमच्या मुलीने आणि जावयांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन नातवापुढे शर्त ठेवली, की शाळा संपेपर्यंत खेळ, पुढे नाही. तो रुसला, आणि शेवटी कबूल झाला. आम्ही मुलीच्या बाजूचे होतो.

निष्काम वृत्ती हे करणाऱ्याचे भूषण आहे. ज्याच्यासाठी केले जाते, त्याने तिचा आधार घेऊन कृतघ्न व्हावे, असे कोणत्याच शास्त्राने सांगितलेले नाही. “त्याला कशाची अपेक्षा नाही” हे वाक्य सेवकाच्या मुखी शोभते; यजमानाच्या मुखी आले की तो सोयीचा कंजूषपणा ठरतो. आपल्या उत्सवांतही पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, गायकाला बिदागी मिळते. पण पहाटे विहिरीचे पाणी ओढणारा, पालखीला खांदा देणारा, शेवटच्या पंगतीपर्यंत वाढून स्वतः थंड भात जेवणारा, यांची आठवण हिशेबाच्या वहीत एका ओळीचीसुद्धा नसते. त्यांना मानाचा हव्यास नाही, म्हणून आपण तो देऊ नये काय?

तेव्हा येत्या जत्रेत रथ वळणावर आला, की वाचकांनी क्षणभर कळसावरची दृष्टी काढून चाकाकडे पाहावे. ठोकळा कोण सरकवतो ते पाहावे, त्याचे नाव विचारून घ्यावे. आणि प्रसाद वाटताना त्याच्या हातावर तो सर्वांच्या आधी ठेवावा.