खुराड्यावरचा दिवा

कोंबडीला रात्री दिसत नाही. दिवसा हीच कोंबडी उकिरड्यातला बारीकसा किडा अचूक टिपते, आभाळात घार फिरायला लागली की पिल्लांना पंखाखाली घेते. पण दिवेलागण झाली की तिच्या डोळ्यांचा उपयोग संपतो. अंधुक उजेडात पाहायला लागणाऱ्या पेशी तिच्या डोळ्यांत फार थोड्या असतात. मग ती बसल्या जागची हलत नाही. पै-पाहुणा आला आणि कोंबडी धरायची झाली तर आमच्याकडं रात्रीच धरायचे, ते यामुळंच. दिवसा अख्ख्या गल्लीला पळवणारी तलंग रात्री अंगावर हात पडला तरी जेमतेम कुरकुरते. माणसाला जे सोपं, ते रानमांजरालाही सोपं. कोंबड्या पाळायच्या तर रात्रभर त्यांच्या वतीनं आपण पाहायचं, हे मैंदर्गीतल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातलं, अक्कलकोटहून दुधनी-गाणगापूरकडं जाताना लागणारं, कर्नाटकाच्या सीमेजवळचं गाव. कागदोपत्री नगरपरिषद असली तरी परसात कोंबडी, दारात शेरडू आणि वेशीबाहेर तुरी-ज्वारीचं काळं रान असा सगळा थाट गावाचाच. घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. जुनी घरं दगड-मातीची, हातभर जाड भिंतींची, वर माळवद. अशा भिंतीच्या बुडाशी किंवा ओट्याच्या पोटात खुराडं बांधतानाच ठेवलेलं असे. आत माती आणि राख, समोर वीतभर रुंदीचं तोंड, आणि त्या तोंडाला दार म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा. आमच्या भागाला शहाबाद लांब नाही, त्यामुळं फरशीचे तुकडे कुणाच्याही परसात पडलेले असत. या दाराला बिजागरी नव्हती, कडी नव्हती. फरशी लावायची आणि बाहेरून एक दगड टेकवायचा. त्या दगडी पेटीत शिरायला मांजराला, खोकडाला किंवा कुत्र्याला जागाच नव्हती. पुढं कितीतरी तऱ्हेची खुराडी पाहिली, पण इतकं पक्कं खुराडं पुन्हा दिसलं नाही.

संध्याकाळी अज्जी दारात उभी राहून ‘आ... तीऽ तीऽ तीऽ’ करी. मूठभर कण्या टाकल्या की कोंबड्या एकामागं एक आत जात. शेजारच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा चालत नसे, पण आमची एखादी चुकार तलंग त्यांच्या परसात शिरली तर तिथल्या काकू तिला काठीनं हाकत आमच्या दारापर्यंत आणून सोडत. मग अज्जी जमिनीवर बसून खुराड्याच्या तोंडातून कोपरापर्यंत हात आत घाली आणि मोजे. दिवा न घेता. तुरा, मान, पायावरचा खवला हाताला लागला की कोणती आली, कोणती राहिली, हे तिला कळे. एखादी कमी भरली की घरातली पोरं कंदील घेऊन कडब्याच्या गंजीमागं, बाभळीखाली हिंडत. पिल्लांची कोंबडी मात्र खुराड्यात जात नसे. ती घरात, चुलीच्या अंगाला, बुरुडानं विणलेल्या डालग्याखाली. डालग्यावर पाटा ठेवायचा. ‘कोंबड्या झाकल्या का?’ हा प्रश्न जेवणाआधी घरात एकदा तरी विचारला जाई.

तो कंदील बहुतेक घरांत कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, प्रभाकर. रेशनचं रॉकेल मोजून मिळे, म्हणून वात बारीक करून तो परसातल्या खुंटीला टांगलेला असे. लोक म्हणत, कंदील असला की बाऊल येत नाही. रानमांजराला आमच्याकडं बाऊल म्हणतात. आज विचार करताना वाटतं, बारीक केलेल्या त्या वातीचा उजेड खुराड्याच्या तोंडापर्यंतही नीट पोचत नव्हता. त्याला बाऊल भिणार कशाला?

भीती त्या कंदिलाभोवतीच्या माणसांची होती. उन्हाळ्याचे चार महिने निम्मं गाव अंगणात आणि माळवदावर झोपायचं. बाजल्यावर म्हातारा खोकायचा, मध्यरात्री विडी पेटवायचा. कुणी लघवीला उठला की तोच कंदील हातात घेऊन परसातून एक फेरी मारून यायचा. सुगीत खळ्यावर राखण असे, पहाटे अंधारातच बाजाराला गाड्या जुंपल्या जात. गावाला तळवार होता, मराठी मुलखात ज्याला जागल्या म्हणत तो, आणि त्याची हाळी रात्रीतून कधीही उठे. उजेड हलत होता, थांबत होता, विझत होता, भलत्याच वेळी पुन्हा दिसत होता. जनावराला त्याचा अंदाज लागत नव्हता, आणि अंदाज लागत नाही तिथं शिकारी जनावर सहसा पाय टाकत नाही.

त्या काळातलं सगळंच चांगलं होतं असं म्हणणार नाही. रॉकेलच्या धुरानं भिंती आणि माणसांच्या छात्या दोन्ही काळ्या झाल्या. अंगणात झोपलेल्याला विंचू चावायचा. आणि एखादा बाऊल हाती लागलाच तर त्याला काठ्यांनी ठेचून वेशीपर्यंत मिरवणारे लोकही आमचेच होते. पण कोंबड्यांची रात्र तेव्हा अख्ख्या गल्लीनं वाटून घेतली होती, ही गोष्ट मला आज फार मोठी वाटते.

पुढं वीज आली. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, आणि त्यानंतरच्या दशकांत खांब आणि तारा गावोगाव पोचत गेल्या. कंदिलाच्या खुंटीवर पिवळा बल्ब आला. पंखा आला तशी माणसं आत झोपायला लागली. माळवदं उतरवून स्लॅबची घरं झाली, त्यात भिंतीच्या पोटातलं खुराडं गेलं आणि परसात पत्रा आणि जाळीचं खुराडं उभं राहिलं. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतलं भारनियमन आमच्या पिढीला चांगलं आठवतं. रोज कितीतरी तास सगळीकडं काळोख, दारं आतून बंद आणि बाहेर कंदीलही नाही. त्या वर्षांत परसातल्या कोंबड्या जितक्या गेल्या तितक्या रॉकेलच्या काळात गेल्या नव्हत्या, असं आमच्या गल्लीतली कुठलीही म्हातारी सांगेल.

कोंबडीही बदलली. जुनी गावरान अंगानं हलकी. खुराड्यात जागा नसली तर फडफडत लिंबावर जाऊन बसायची. आता अनेक घरांत बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरिराज किंवा हैदराबादची वनराज असते. गावरान कोंबडीच्या दुपटीहून जास्त अंडी, भरपूर मांस, सगळं खरं. पण अंगानं जड. ही कोंबडी झाडावर जाऊ शकत नाही, ती जमिनीवरच बसते. त्यात रानही बदललं. कुरनूर धरणाचं पाणी आणि विहिरी-बोअरच्या जोरावर जिथं तूर आणि ज्वारी होती तिथं ऊस आला. वर्षभर उभं राहणारं दाट, ओलसर पीक, त्यात उंदीर-घुशींचा सुकाळ. रानमांजराला आणि कोल्ह्याला याहून चांगलं घर कोणतं? पूर्वी माळावरून चालत येणारं जनावर आता फडातून दोन उड्यांत परसात येतं.

हल्ली मैंदर्गीकडच्या वस्त्यांवर रात्री गेलं की खुराड्याच्या खांबाला लाल ठिपके लुकलुकताना दिसतात. मुठीएवढी डबी, वर सौर पट्टी, पुढं दोन लाल एलईडी. दिवसभर उन्हात चार्ज होते, अंधार पडला की आपोआप सुरू होते. लांबून पाहिलं तर दुसऱ्या कुठल्या जनावराचे डोळे चमकतायत असं वाटतं. याहून मोठे दिवेही मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळाच्या डोक्यातून निघालेला फॉक्सलाइट त्यांतला नावाजलेला. लाल, निळा, पांढरा असे दिवे त्यात कुठल्याही तालाशिवाय चमकतात, म्हणजे लांबून कुणीतरी बॅटरी घेऊन फिरतंय असा भास व्हावा.

अशाच कल्पनेची एक गोष्ट मला फार आवडते. केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणारा रिचर्ड तुरेरे नावाचा मसाई मुलगा घरची गुरं राखत असे आणि सिंह ती मारत. त्यानं आधी आग पेटवून पाहिली, तर त्या उजेडात सिंहालाच गोठा नीट दिसायला लागला. मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह परतले, दुसऱ्या रात्री ते हलत नाही हे ओळखून आत शिरले. शेवटी एका रात्री तो स्वतः बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरला आणि सिंह आले नाहीत. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सिंह हलत्या उजेडाला भितात. अकरा वर्षांच्या त्या पोरानं जुनी गाडीची बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरची डबी आणि मोडक्या बॅटरीतले दिवे जोडून आळीपाळीनं लुकलुकणारी माळ केली. 2013 साली टेडच्या व्यासपीठावरून त्यानं हे जगाला सांगितलं. मी ते ऐकलं तेव्हा मला आमचा परस आणि बाजल्यावरून उठलेला म्हातारा आठवला. ती डबी त्या म्हाताऱ्याचं काम करते आहे.

पण सगळंच काम नाही. चिलीच्या उंच पठारावर लामा आणि अल्पाका पाळणाऱ्यांच्या कळपांवर संशोधकांनी हेच फॉक्सलाइट लावून पाहिले. 2019 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्यूमाला दिव्यांनी रोखलं. तिथल्या कोल्ह्यानं मात्र त्यांची फिकीर केली नाही. आपल्याकडचा कोल्हा आणि खोकडही असेच चौकस. पहिले काही दिवस लांब राहतात, मग दिवा रोज त्याच जागी, त्याच तालात लुकलुकतो हे त्यांना कळतं. म्हणून आमच्याकडं जी बाई दर चार-पाच दिवसांनी डबीची जागा बदलते तिचा अनुभव चांगला असतो, आणि एकदा खिळ्याला अडकवून विसरलेली डबी पावसाळा संपेपर्यंत निकामी ठरते. दिवा जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्याखाली, आणि तोंड बाहेर फडाकडं करून लावावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो माणसाच्या डोक्याइतका उंच टांगलेला दिसतो. तिथून तो घरमालकालाच दिसतो, बाऊलाला नाही.

आणि ज्यांना उजेडाचं काहीच वाटत नाही असे चोरही आहेत. घूस जमिनीखालून येते आणि पिल्लाचा पाय धरून ओढते. धामण आणि नाग अंड्यांवर, पिल्लांवर येतात. मुंगूस तर दिवसाढवळ्याच येतं. सकाळी खुराडं उघडल्यावर काय दिसतं त्यावरून जुन्या बायका चोर ओळखत. अंडी टरफलासकट गायब असली तर साप. पिसांची ओळ फडाकडं गेली असेल तर खोकड किंवा कोल्हा. चार-पाच कोंबड्या मानेला चावून तिथंच टाकलेल्या असल्या तर बाऊल किंवा उदमांजर बंद जागेत शिरलेलं. हे ज्ञान डबीबरोबर मिळत नाही आणि ते हरवत चाललं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अलीकडं काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि खुराड्यावर रात्रभर पांढराफेक एलईडी जाळतात. त्यानं कोंबडीची झोप मोडते. उजेडावर किडे येतात, किड्यांवर बेडूक आणि बेडकांवर साप. हलणाऱ्या, लुकलुकणाऱ्या मंद दिव्याचं काम हा झगझगाट करत नाही.

सगळ्यात काळजीची गोष्ट मात्र वेगळी आहे. चिडलेला माणूस कुंपणात वीज सोडतो किंवा मेलेल्या कोंबडीत विष घालून ती बांधावर टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालापासून आहे. रानमांजर, खोकड, कोल्हा, मुंगूस या सगळ्यांना त्याचं संरक्षण आहे, आणि त्यांना मारणं हा गुन्हा आहे. गुन्ह्याचं सोडा, त्या विषानं आधी गल्लीतली कुत्री मरतात आणि त्या तारेला पहाटे पाणी पाजायला गेलेला घरचाच माणूस चिकटतो. उसातले उंदीर-घुशी खाऊन हेच बाऊल आणि खोकड वर्षभर शेतकऱ्याचं पीक राखतात. आपल्या एका कोंबडीपायी त्यांचा वंश बुडवणं मला पटत नाही, आणि आपल्या पूर्वजांनी जे ठेचून मारलं तेही पटत नाही.

तेव्हा ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनी लुकलुकता दिवा जरूर लावावा, जागा बदलत राहावी आणि रात्रीतून एकदा उठून बॅटरीचा झोत परसात फिरवावा. सूर्य मावळायच्या आत खुराडं बंद करावं आणि आतल्या कोंबड्या मोजाव्यात. जाळी घेताना दुकानदार स्वस्तातली पातळ षटकोनी कोंबडी जाळी पुढं करतो. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याच्या दातांना सहज फाटते. वेल्डमेश मागावी, अर्ध्या इंचाची, आणि ती जमिनीत हातभर पुरावी. अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकातून साप आत येतो, आणि न पुरलेल्या जाळीखालून घूस.