आजीबाईंची काठी

अंथरणे ही आपल्याकडे आतिथ्याची पहिली खूण. गेवराई तालुक्यातील उमापूर येथे माझ्या मावशीच्या घरी पाहुणा आला की आधी घोंगडी अंथरली जाई, मग पाण्याचा तांब्या पुढे येई. लग्नकार्य असो वा अंगणातील मिस्सा असो, जमखाना अंथरावयाचा आणि कार्य आटोपताच घडी घालून ठेवावयाचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत कायमचा बसविलेला गालिचा आपल्या मुलखाला नवा. मावशीच्या थोरल्या चिरंजीवांनी नेमका हाच व्यवसाय पत्करला. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

जमखान्याला सुरकुती पडली तर ओढून सरळ करता येते. बसविलेल्या गालिच्यातील दोष मात्र वर्षानुवर्षे पायांखाली राहतो. काळ्या रेगडीवरील इमारतींत शहाबादी फरशीच्या सांध्यांतून ओल वर येते. नुसत्या गोंदाने चिकटविलेल्या कडा पावसाळ्यात सुटतात. गिऱ्हाइकांच्या अशा तक्रारी दादा शाळकरी वहीत टिपून ठेवीत. पुढे ते तिरप्या खिळ्यांची पट्टी वापरू लागले. खिळ्यांची टोके भिंतीकडे झुकलेली, आणि पट्टी व भिंत यांत गालिच्याच्या जाडीहून किंचित कमी फट. गालिचा ताणून खिळ्यांवर बसवावयाचा आणि उरलेली कड त्या फटीत खोचावयाची. ताणण्याच्या अवजाराला गुडघ्याने धक्के द्यावे लागतात. गुडघ्यांची सूज हे या कारागिरांचे व्यवसायजन्य दुखणेच होय.

एका चर्चचे काम झाले तेव्हा समिती संतुष्ट होती. खर्च वाचावा म्हणून तिच्याच आग्रहाने मधल्या वाटेवर दोन तुकडे जोडले होते. बिल चुकते झाले. पुढच्याच रविवारी एक वृद्ध आजीबाई दादांना म्हणाल्या, “बाळा, गालिचा लई ग्वाड हाय, पण ख्रिस्तप्रसादाला जाताना माझी काठी त्यात अडकती. म्या आता जागेवरच बसून ऱ्हाते.”

हे शेवटचे वाक्य दादांना सहन झाले नाही. त्यांनी आजींना त्या वाटेवरून चालावयास सांगितले आणि स्वतः जमिनीवर बसून काठीचे टोक न्याहाळले. जोड वाटेला आडवा आला होता. शिवाय दोन तुकड्यांची लव परस्परविरुद्ध दिशांना झुकलेली, त्यामुळे एकाच रंगाच्या दोन छटा दिसत. अंधुक दृष्टीला ती छटा पायरीच वाटावी! दादांनी दोन्ही तुकडे उचलले आणि वाटेवर एकसंध पट्टा घातला. जोड बाकांखाली नेले. वेदीच्या पायऱ्यांवर तर प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात खिळ्यांची पट्टी ठोकून गालिचा असा ताणला की कडेला झोळ उरू नये. वरचा खर्च त्यांनी समितीकडे मागितला नाही. माझ्या मते मागावयास हवा होता. पण कारागिराचा हिशेब निराळा असतो.

तेव्हापासून मोजमाप घेण्यापूर्वी ते समितीबरोबरच झाडलोट करणाऱ्या बाईंशी आणि काठी टेकीत येणाऱ्यांशी बोलतात. गायकवृंदाचीही तक्रार आली होती: गालिचा सूर गिळतो. जाड लव आवाज शोषते, हे खरेच. तेवढा कोपरा आता ते उघड्या फरशीचाच ठेवतात. आजीबाई पुन्हा रांगेत येऊ लागल्या. मात्र कापसाच्या हंगामात लवेत अडकणारे तंतू काढता काढता कंबर मोडते, ही झाडणाऱ्या बाईंची तक्रार दादांच्या वहीत अजून तशीच आहे.