घरघर नको गं बाई!

ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलात की काउंटरवरून पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुठला गेम खेळता?’ ‘खेळत नाही’ म्हटलं की समोरच्याचा इंटरेस्टच संपतो. पण न खेळणाऱ्यांचंही एक टेन्शन असतं. आवाजाचं.

माझंच बघा. डोंबिवलीत वन रूम किचन, त्यात मी आणि ताई. ताई नर्स. मॉर्निंग ड्युटी असली की साडेचारचा अलार्म. माझं इंटरव्ह्यू ऐकणं, ऑडिओ एडिट करणं सुरू होतं रात्री अकरानंतर, तिच्या उशीपासून चार फुटांवर. माझ्या इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ आहे, म्हणजे त्यात ग्राफिक्सच नाही. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. (तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल आणि काम वर्ड, एक्सेल, ब्राउझरपुरतं असेल, तर कार्डचे पैसे वाचवा आणि फिरून या!)

बिनपंख्याच्या कार्डाचा फंडा सोपा. धातूच्या पात्यांचा हीटसिंक उष्णता हवेत सोडतो. फिरणारं काही नाही, त्यामुळे घरघर नाही. पण उष्णता गायब होत नाही, ती कॅबिनेटमध्येच साचते. २०१७ सालचं जीटी १०३० जेमतेम ३० वॅटचं, तिथे हे सहज जमतं. २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० आहे ७० वॅटचं. त्याचंही बिनपंख्याचं मॉडेल निघालंय, पण आपल्याकडच्या मे महिन्यात कॅबिनेटमधली हवा खेळती नसेल तर कार्ड तापतं आणि आपला वेग स्वतःच कमी करतं.

पंखेवाल्यांतही प्रकार आहेत. स्वस्त कार्डाचा एकुलता एक छोटा पंखा जोरात फिरतो आणि डासासारखा कानात शिरतो. मोठे पंखे सावकाश फिरतात. बऱ्याच नव्या कार्डांत तर काम हलकं असलं की पंखे चक्क थांबतात. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी असंच कार्ड बघावं, कारण जीटी १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोडर नाहीच.

‘अगं, डोक्यावर सीलिंग फॅन फिरतोय, त्यात हा कुठे ऐकू येणार?’ एका मैत्रिणीचा सवाल. मुद्दा बरोबर. पण एकसारख्या आवाजाला कान सरावतो. मध्येच चढणारा, मध्येच उतरणारा आवाज झोप मोडतो. शिवाय आवाज रेकॉर्ड करताना मी सीलिंग फॅन बंद करते, तेव्हा माइकला ऐकू येतो तो फक्त कॉम्प्युटर.

म्हणून मी घेतलं बिनपंख्याचं जीटी १०३०, आणि कॅबिनेटला पुढून १२० मिलिमीटरचा एक सावकाश फिरणारा पंखा. दोन मॉनिटर आरामात चालतात. धूळ मात्र महिन्याला ब्रशने झाडावी लागते. त्याहून जुनं जीटी ७१० स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. त्याचे सिक्युरिटी अपडेट २०२४ मध्येच थांबले. १०३० चे २०२८ पर्यंत मिळतील, असं एनव्हिडियाने जाहीर केलंय.

ताईची नाइट ड्युटी असते तेव्हा घर माझं एकटीचं. त्या रात्री कुठलंही कार्ड चाललं असतं. पण बाकीच्या रात्री तिच्या वाट्याला येते जेमतेम साडेपाच तासांची झोप, आणि उठल्यावर तिला वॉर्डमधली माणसं सांभाळायची असतात. माझ्या बजेटमध्ये हा हिशेब सगळ्यात वर होता.